धैर्यवानांची छाती

कमलाकांत धैर्यवानला आपल्या छातीत काय आहे याची चौकशी करावी असं वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत कधी वाटलं नव्हतं. छातीत काळीज असतं, दोन फुफ्फुसं असतात आणि माणूस पाठारे प्रभू असल्यास थोडा अभिमान असतो, एवढी माहिती गिरगावात जन्मभर पुरते. बाकी जगातल्या सगळ्या चौकशा तो करत असे. ट्रामच्या तारेत वीज कुठून शिरते, समोरच्या इमारतीला यंदाही पिवळाच रंग का, तळमजल्याच्या रमाबाईंकडे सकाळी आलेला पाहुणा संध्याकाळी मागच्या दारानं का गेला. कॉटन ग्रीनच्या एका गोदामाच्या कचेरीत तो हेडक्लार्क होता आणि दारात आलेली कापसाची गासडी मूळची कुठली, हे विचारल्याशिवाय ती आत सोडत नसे. गासडी बोलत नाही म्हणून हमालाला उत्तर द्यावं लागे.

अठ्ठावन्न सालच्या जानेवारीत उर्मिलाला, म्हणजे त्याच्या बायकोला, धुवायला टाकलेल्या त्याच्या रुमालावर एक लाल ठिपका दिसला. तिनं तो रुमाल धुतला नाही. घडी करून ठेवला आणि संध्याकाळी त्याच्यापुढे टाकून ती एवढंच म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे जायचं."

उर्मिला प्रश्न विचारत नसे. घरात प्रश्न विचारायला एक माणूस पुरे, असं तिनं लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ठरवलं असावं.

चार दिवसांनी परळच्या एका मोठ्या इस्पितळात सर्जननी त्याचा एक्स-रे खिडकीच्या काचेला लावला. उजव्या बाजूला, बरगड्यांच्या मागे, एक पांढरा वाटोळा गोळा होता. परकारनं काढल्यासारखा.

"क्षय नाही," सर्जन म्हणाले. उर्मिलानं डोळे मिटून घेतले. "ही पाण्याची गाठ आहे. कुत्र्यापासून होते. कुत्रा पाळलाय का?"

"छे हो! आमच्या सात पिढ्यांत कुणी..."

"पाळायलाच पाहिजे असं नाही. कुत्र्याच्या पोटात एक बारीक कृमी असते. तिची अंडी पाण्यातून, भाजीपाल्यातून माणसाच्या पोटात जातात. एखादं फुफ्फुसात जाऊन बसतं आणि वर्षावर्षानं वाढतं. ही गाठ दहाएक वर्षांची तरी असेल. ऑपरेशन करून काढावी लागेल. छाती उघडून."

शेवटचे दोन शब्द उर्मिलानं ऐकले. कमलाकांत अजून दहा वर्षांच्या वाक्यावरच होता. आपल्या छातीत दहा वर्षं कुणीतरी राहतंय आणि आपल्याला पत्ता नाही, ही गोष्ट त्याच्या स्वभावाला सोसणारी नव्हती. त्यानं सर्जनना अकरा प्रश्न विचारले. नवव्या प्रश्नाला सर्जननी घड्याळ पाहिलं, अकराव्याला ते उठून गेले. जाताना एक गोष्ट मात्र त्यांनी बजावून सांगितली. "जपून राहा. गाठ फुटली तर जिवावर बेतेल. रोज सकाळी सावकाश दीर्घ श्वास घ्या. सावकाश! महिन्यानं खाट रिकामी होईल, तेव्हा या."

घरी येईपर्यंत कमलाकांतनं आयुष्यात भेटलेल्या सगळ्या कुत्र्यांची मनातल्या मनात हजेरी घेतली. शिवाजी पार्कला मामांच्या शेजारी एका बॅरिस्टरांचा उंच कुत्रा होता, पण बॅरिस्टरांच्या कुत्र्यापासून असलं काही होईल हे मनाला पटेना. शिवडीला लहानपणी एका पारशाच्या कुत्रीनं त्याचं तोंड चाटलं होतं. तिच्यावर त्याचा संशय बळावला.

पण वाडीनं संशयाला इतका वेळ घेतला नाही. वाडीत एकच कुत्रा होता. कुणाच्याही मालकीचा नाही, सगळ्यांच्या पायरीवर झोपणारा, काळा-पांढरा. त्याला दिवाण म्हणत. तासाभरात वाडीत दोन पक्ष पडले. दिवाणला हाकला म्हणणारे आणि दिवाण निर्दोष आहे म्हणणारे. दुसऱ्या पक्षाचं नेतृत्व रमाबाईंकडे होतं. "मुक्या जनावरावर आळ घेताय? आधी धैर्यवानांना विचारा, बाहेर काय काय खातात ते!" असं त्या नळावर सगळ्यांच्या देखत म्हणाल्या. कमलाकांत तेव्हा तिथंच दात घासत उभा होता. माणसाच्या छातीत गाठ आहे आणि सहानुभूती कुत्र्याला मिळते आहे, हे त्याला लागलं.

खरा घोळ रजेच्या अर्जानं झाला. अर्जात आजाराचं नाव लिहायचं होतं. कमलाकांतनं डॉक्टरांनी लिहून दिलेलं लांबलचक नाव उतरवलं. रजेचं टेबल सांभाळणाऱ्या कारकुनाला ते वाचता येईना. "म्हणजे काय हो?" असं त्यानं विचारलं, आणि इथंच चूक झाली. कमलाकांतला कुणी काही विचारलं की त्याला भरून येत असे. त्यानं कृमीपासून सुरुवात केली, अंडी, भाजीपाला, रक्तातून प्रवास, फुफ्फुस, असं सगळं तिथल्या तिथं कागदावर चित्र काढून समजावलं. कारकुनानं अर्धा तास मान डोलावली आणि रकान्यात एकच शब्द लिहिला. कुत्रा.

मंगळवारी कचेरीचे डॉक्टर आले. त्यांनी रकाना वाचला आणि कमलाकांतला पोटात घ्यायच्या चौदा इंजेक्शनांची चिठ्ठी दिली. कमलाकांत म्हणाला, "मला कुत्रा चावलेला नाही." डॉक्टर म्हणाले, "सुरुवातीला सगळे असंच म्हणतात." त्यांनी त्याला टेबलावरच्या तांब्यातलं पाणी प्यायला लावलं आणि तो ते पितो की पाहून घाबरतो, हे दारामागे उभं राहून पाहिलं. घाईघाईत पाणी प्यायल्यानं त्याला ठसका लागला. झालं! चिठ्ठीवर लाल रेघ पडली, तिची एक प्रत म्युनिसिपालिटीकडे गेली, आणि गुरुवारी कुत्रे धरणारी गाडी वाडीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

दिवाणला रमाबाईंनी खाटेखाली घातलं आणि खाटेवर स्वतः बसल्या. गाडीवरचा माणूस "चावलेला इसम कोण?" म्हणून विचारत तिसऱ्या मजल्यापर्यंत आला. "मी, पण चावलेलो नाही," असं कमलाकांतनं सांगितलं. त्यावर त्या माणसानं जबानी लिहून घेतली, ती त्याला वाचून दाखवली आणि खाली सही करायला लावली. जबानी अशी होती : इसम चावलेला असून नाकबूल करतो.

हे सगळं निस्तरायला सर्जनचं पत्र, वाडीच्या मालकाचं पत्र आणि दिवाणच्या चांगल्या वर्तणुकीबद्दल बावीस बिऱ्हाडांच्या सह्या लागल्या. तेविसावी सही उर्मिलाची होती. ती करून तिनं पेन टाकून दिलं आणि स्वयंपाकघरात गेली. ती आत का गेली, याची चौकशी कमलाकांतनं केली नाही. इतर चौकशा फार साचल्या होत्या.

आता राहिला दीर्घ श्वास. दुसऱ्या मजल्यावर अप्पा कीर्तिकर राहत. रेल्वेतून निवृत्त, वय अडुसष्ट, स्वतः कधी आजारी न पडल्यामुळे सगळ्या आजारांवर त्यांचा अधिकार होता. कमलाकांत गॅलरीत उभा राहून श्वास घेत असताना त्यांनी खालून पाहिलं.

"हे काय, उसासे टाकतोयस?"

"व्यायाम आहे, अप्पा. फुफ्फुसाचा."

"ह्याला व्यायाम म्हणतात? अरे, फुफ्फुस म्हणजे भाता. भात्याला जोर लागतो." आणि अप्पांनी देवघरातला शंख आणून त्याच्या हातात दिला. "आठ दिवस वाजव. सर्जन स्वतः विचारेल, ही छाती कुणाची?"

सर्जन 'सावकाश' म्हणाले होते हे कमलाकांतच्या लक्षात होतं. पण शंखातून आवाज नेमका कुठून निघतो, हा प्रश्न एकदा मनात शिरल्यावर बाकीचं मागे पडलं. पहिले तीन दिवस शंखातून नुसतीच हवा आली. चौथ्या दिवशी सकाळी सहाला त्यानं ओठ जरा आवळले, आणि असा काही आवाज निघाला की समोरच्या कौलांवरची कबुतरं उडाली.

आता वाडीतल्या संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रही तुकडीनं आदल्याच रविवारी बैठक घेऊन ठरवलं होतं, की वरून निरोप येताच शंख वाजेल आणि शंख वाजताच सगळ्यांनी झेंडे घेऊन खाली जमायचं. या बैठकीला कमलाकांत गैरहजर होता. तो फुफ्फुसावरचं पुस्तक वाचत होता. तुकडीचा पुढारी बाबुराव, प्रेसमधला कंपॉझिटर, अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत धावत खाली आला. पाच मिनिटांत सत्तावीस माणसं "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" अशी गर्जना करत ठाकूरद्वारच्या दिशेनं निघाली. नाक्यावर एक हवालदार चहा पीत होता.

"कसला मोर्चा?" त्यानं विचारलं.

बाबुरावला ते ठाऊक नव्हतं. त्यानं पुन्हा घोषणा दिली.

"ते झालंच पाहिजे हो," हवालदार म्हणाला, "पण दूधवाल्याच्या आधी कशाला?"

तुकडी परत आली ती कमलाकांतचा समाचार घ्यायच्या इराद्यानं जिना चढली. पण तिसऱ्या मजल्यावर पोचताच सगळे जागीच थांबले. कमलाकांत गॅलरीत खाली बसला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि पुढ्यातल्या तांब्याच्या घंगाळात रक्त होतं. या वेळी ठिपका नव्हता. उर्मिला त्याची पाठ धरून उभी होती. शंख कोपऱ्यात पडला होता.

"टॅक्सी," ती म्हणाली. बाबुराव तसाच अर्ध्या दाढीनं खाली पळाला.

इस्पितळात सर्जननी विचारलं, "काय केलंत?"

"शंख वाजवला," कमलाकांत पुटपुटला.

"शंख!" सर्जन खुर्चीवर बसले. "अहो, ती गाठ म्हणजे पाण्यानं भरलेला फुगा आहे. आणि तुम्ही तो..." त्यांनी ताबडतोब नवा एक्स-रे काढायला लावला. गाठ शाबूत होती. बाजूची एक रक्तवाहिनी दुखावली होती, एवढंच. "आता महिना नाही. गुरुवारी ऑपरेशन. तोवर खाटेवरून हलायचं नाही, बोलायचं नाही."

यातलं दुसरं त्याला जास्त जड गेलं.

शेजारच्या खाटेवर लालबागचा जयवंत होता, गिरणीत माग चालवणारा साचेवाला. न्यूमोनियानंतर छातीत पू झाला म्हणून त्याच्या बरगडीचा तुकडा काढून नळी घातली होती. त्याला बोलायची बंदी नव्हती.

"घाबरतास कित्याक?" तो म्हणाला. "माजो बरगडो काढल्यानी. आता मी हलको झालंय. तुमचा काय काढतले?"

कमलाकांतनं बोलण्याऐवजी दिलेल्या पाटीवर लिहून दाखवलं. जयवंतनं ते सावकाश वाचलं. "कुत्र्यापासून? खयचो कुत्रो?"

कमलाकांतनं पाटी पुसली आणि 'शिवडी' असं लिहिलं. इतक्या दिवसांत हा प्रश्न नीट विचारणारा पहिला माणूस भेटला होता.

ऑपरेशनला रक्ताच्या दोन बाटल्या लागणार होत्या आणि त्या नातेवाइकांनी द्यायच्या, असा नियम होता. कमलाकांतचा चुलतभाऊ गुरुदत्त मोठ्या तावातावानं आला. सुई अजून उकळत्या पाण्यात होती तेव्हाच तो खाली कोसळला, आणि त्याला शुद्धीवर आणण्यात दुपार गेली. अप्पांचं वय बसत नव्हतं. शिवाय शंखापासून अप्पा वाडीतून फारसे बाहेरच पडत नव्हते. बुधवारी सकाळी उर्मिला रक्तपेढीबाहेरच्या बाकावर एकटी बसली होती. तेवढ्यात बाबुराव आणि तुकडीतले सहा जण आले.

"वहिनी, कुठे द्यायचं?"

खिडकीतल्या माणसानं विचारलं, "रुग्णाशी नातं?"

"एका वाडीतले," बाबुराव म्हणाला.

"हे नातं होत नाही."

"मग मुंबई महाराष्ट्राची कोण लागते, ते आधी सांगा!" बाबुराव कडाडला. त्याला घोषणेची सवय झाली होती, मागच्या सहा जणांनाही. रक्तपेढीच्या बोळात असा काही आवाज घुमला, की आतून मोठे डॉक्टर बाहेर आले. त्यांनी खिडकीतल्या माणसाला सांगितलं, "सगळ्यांना भाऊ म्हणून लिही." दोघांचं रक्त जुळलं. त्यांतलं एक बाबुरावचं. ज्या माणसानं आपल्याला भल्या पहाटे अर्ध्या दाढीनं ठाकूरद्वारपर्यंत नेलं, त्याला आपण रक्त देतोय, हे त्यानं सुई टोचताना बोलून दाखवलं. पण हात मागे घेतला नाही.

गुरुवारी सकाळी कमलाकांतला ढकलगाडीवर घालून नेलं. छातीवरचे केस काढले होते, कुठूनसा आयोडिनचा वास येत होता. सदऱ्याचं सोन्याचं बटण, चष्मा, सगळं उर्मिलाच्या रुमालात होतं. चष्म्याशिवाय त्याला तिचा चेहरा पुसट दिसत होता. बोलायची परवानगी आता होती. पण एवढे प्रश्न साठवलेल्या त्या माणसाला एकही आठवेना. उर्मिलानं त्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

"लवकर या," ती म्हणाली. बाजारात जाणाऱ्या माणसाला सांगावं तशी.

आतल्या डॉक्टरनं दंडात सुई घातली आणि "आकडे मोजा" म्हणून सांगितलं. "कुठपर्यंत?" असं कमलाकांतनं विचारलं. उत्तर मिळण्यापूर्वी तो चारपर्यंत पोचला होता.

त्याला जाग आली तेव्हा कुणीतरी छातीवर अख्खी गासडी टाकलीय असं वाटत होतं. कुशीतून एक रबरी नळी निघून खाटेखालच्या बाटलीत गेली होती. त्यानं पहिला शब्द उच्चारला तो, "बाटलीत काय आहे?" स्टुलावर बसलेल्या उर्मिलानं पदराचा बोळा तोंडात धरला. ती हसते आहे की रडते आहे, हे तिचं तिलाही कळलं नसावं.

पुढचे दिवस खोकण्यात गेले. लहानपणापासून त्याला शिकवलं होतं, की चारचौघांत खोकू नये, खोकल्यास रुमाल धरावा. वॉर्डाची मोठी सिस्टर उशी घेऊन येई, ती त्याच्या टाक्यांवर दाबून धरी आणि सगळ्या वॉर्डासमोर हुकूम सोडी, "खोका! अजून जोरात! हे काय खोकणं झालं?" सभ्य माणसानं इतका अपमान यापूर्वी सोसला नव्हता. एकदा तो कुरकुरला, "सिस्टर, अहो, दुखतं." ती म्हणाली, "मेलेल्याला दुखत नाही. खोका." यानंतर तो खोकला. त्याचा खोकला चांगला झाला की बाटलीत बुडबुडे येत, आणि जयवंत आपल्या खाटेवरून मोजून सांगे, "आज सतरा! काल अकराच होते."

उर्मिला रोज डबा आणी. एकदा तिनं त्यात बोंबलाचं भुजणं लपवून आणलं. झाकण उघडताच वास वॉर्डभर पसरला. सिस्टर आली, डब्याकडे पाहिलं, कमलाकांतकडे पाहिलं आणि म्हणाली, "दोन घास. बाकी त्याला." जयवंतनं कृतज्ञतेनं बरगडीच्या जागी हात ठेवला.

बाराव्या दिवशी टाके निघाले तेव्हा कमलाकांतनं सर्जनना मनात घर करून बसलेला प्रश्न विचारला. "ती गाठ मला दाखवाल?"

"ती अख्खी निघाली, न फुटता!" सर्जन खुशीत म्हणाले. "अशी क्वचित निघते. कॉलेजच्या संग्रहालयानं ठेवून घेतली."

"मला न विचारता?"

"तुम्ही झोपला होतात."

यात खोट काढायला जागा नव्हती. तरी आपल्या छातीतली वस्तू परस्पर सरकारजमा व्हावी, हे त्याला खुपलं. घरी आल्यावर त्यानं संग्रहालयाकडे अर्ज केला. छापील अर्जात विद्यार्थी, अध्यापक आणि पाहुणे असे तीनच रकाने होते. त्यानं तिन्ही खोडून वर लिहिलं, 'मूळ मालक'. अर्ज दोनदा परत आला. तिसऱ्यांदा सर्जननी त्यावर स्वतः सही केली.

दीड महिन्यानं, एका शनिवारी दुपारी, तो आणि उर्मिला परळला गेले. एका लांबट, थंड दालनात काचेची कपाटं होती आणि कपाटांतून बरण्या. तिथला म्हातारा रखवालदार रामजी त्यांना आत घेऊन गेला आणि तिसऱ्या कपाटासमोर थांबला.

बरणीत सोललेल्या ताडगोळ्यासारखं काहीतरी होतं. मोठ्या मोसंब्याएवढं, दुधाळ, अगदी गुळगुळीत. कमलाकांतला ते बरंच देखणं वाटलं. मग त्याची नजर खालच्या चिठ्ठीवर गेली. इंग्रजीत टाइप केलं होतं : पुरुष, वय ४३, कारकून.

"कारकून?" तो म्हणाला. "अहो, मी हेडक्लार्क आहे. सहा वर्षं झाली."

"अर्ज करा, साहेब," रामजी म्हणाला.

उर्मिला पुढे झाली. तिनं पिशवी खाली ठेवली आणि बरणीच्या इतकी जवळ गेली, की तिच्या श्वासानं काच धुरकटली. पदरानं तिनं ती पुसली.

"आत पाणी आहे?" तिनं रामजीला विचारलं.

"औषध आहे, बाई. टिकण्यासाठी."

"वाढते का अजून?"

"नाही. मेलीय ती."

"नक्की?"

"वीस वर्षं इथं आहे मी. ह्या कपाटातनं कुणी परत गेलं नाही."

"आणि त्यांच्या छातीत अशी दुसरी?"

"डॉक्टरांनी नाही म्हटलं ना? मग नाही."

रुमालावरच्या ठिपक्यापासून आजपर्यंत उर्मिलानं कुणालाही एक प्रश्न विचारला नव्हता. कमलाकांत तिच्याकडे बघत उभा राहिला. ते सगळे दिवस तिनं कसे काढले, हे आपण एकदाही विचारलं नाही, हे त्याला तिथं, बरण्यांच्या रांगेत, कळलं. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. चारचौघांत, म्हणजे रामजीसमोर, त्यानं असं यापूर्वी कधी केलं नव्हतं.

"बस आता इथंच," उर्मिला बरणीला म्हणाली. घुसून बसलेल्या पाहुण्याला बजावावं, अशा आवाजात.

मग तिनं डोळे पुसले, नाक ओढलं आणि पिशवी उचलली. कमलाकांत दाराकडे वळला. पण मागे पावलं ऐकू येईनात म्हणून त्यानं वळून पाहिलं, तर उर्मिला शेजारच्या कपाटासमोर उभी होती.

"रामजी," ती विचारत होती, "हे हिरवट दिसतंय ते काय आहे हो? आणि हे असं एका बाजूनं का सुजलंय?"

रामजीला गेल्या वीस वर्षांत कुणी असं विचारलं नसावं. त्यानं किल्ल्यांचा जुडगा काढला. दालनात एकूण सोळा कपाटं होती. कमलाकांतनं दाराजवळचं स्टूल ओढून घेतलं आणि तो वाट बघत बसला.